ऑर्बिस सेन्सुअलियम पिक्टस

मोरेव्हियात जन्मलेला धर्मोपदेशक व शिक्षणतत्त्वज्ञ योहान आमोस कोमेनिउस (१५९२–१६७०) याने रचलेले आणि १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे मिखाएल एंडटर या प्रकाशकाने प्रसिद्ध केलेले सचित्र लॅटिन-जर्मन पाठ्यपुस्तक. नावाचा अर्थ ‘इंद्रियगोचर सृष्टीचे चित्रदर्शन’. ईश्वरापासून आरंभ होऊन अंतिम न्यायदिनापाशी संपणाऱ्या त्याच्या १५० प्रकरणांत अग्नी, वायू, पशुपक्षी व मानवी देह यांजबरोबरच रोटी भाजणारा, न्हावी, पुस्तकविक्रेता, शहराचा वेढा असा सर्व ऐहिक व्यवहार दाखल झाला आहे.

कोमेनिउसच्या ‘यानुआ लिंग्वारुम रेसेराटा’ (१६३१) या पूर्वीच्या ग्रंथात सुमारे आठ हजार लॅटिन शब्द एक हजार वाक्यांत गुंफलेले होते. युरोपभर त्याचा बोलबाला झाला खरा. परंतु ज्या वस्तू मुलाने पाहिल्याच नाहीत, त्यांची नावे त्याच्या जिभेवर चढली तरी बुद्धीत उतरत नाहीत, हे हंगेरीतील शारोशपाताक येथे शाळेची घडी बसविण्यास गेलेल्या या अनुभवी अध्यापकास उमगले होते. पुस्तक तेथेच तयार झाले. मात्र लाकडी ठसे कोरणारा योग्य कारागीर त्या मुलखात मिळेना, सबब छपाई लांबणीवर पडली.

प्रारंभी सजीव वर्णमाला आहे. आपल्या अंकलिपीतील चित्र वस्तूच्या नावातील आद्याक्षरावर बोट ठेवते, तर येथे कावळ्याचा किंवा कोकराचा आवाज हाच अक्षराचा उच्चार ठरतो. पुढील प्रत्येक प्रकरणात वरच्या भागी काष्ठचित्र आणि त्याखाली शेजारशेजारच्या स्तंभांत दोन्ही भाषांतील मजकूर, अशी योजना आहे. चित्रातील वस्तूंवर अंक असून तेच अंक मजकुरात त्या त्या शब्दापुढे येतात. शाळेच्या पाठात गुरुजी, त्यांचे आसन, विद्यार्थी, बाके, खडूने लिहिलेला फळा, इतकेच नव्हे तर गप्पा छाटणारी उनाड मुले आणि त्यांच्यासाठी राखून ठेवलेली छडी यांनाही आपापला अंक मिळालेला आहे. चित्रे पूर्वीच्या पुस्तकांतही होती, आणि ती पुष्कळदा याहून देखणी होती. कोमेनिउसचे खरे कर्तृत्व चित्र देण्यात नसून, शब्दावरून वस्तूकडे व वस्तूवरून शब्दाकडे नजरेने कसे जावे याची जी तजवीज त्याने या क्षुल्लक भासणाऱ्या अंकांनी केली, तीत आहे.

मनात शब्द व प्रतिमा यांची साठवण दोन भिन्न परंतु परस्परसंलग्न मार्गांनी होते, असा सिद्धान्त कॅनडातील मानसशास्त्रज्ञ ॲलन पायव्हिओ याने १९७१ च्या आपल्या ग्रंथात विस्ताराने मांडला. पुढे अमेरिकेतील रिचर्ड मेयर याने प्रयोगान्ती असे दाखविले की, स्पष्टीकरणाचे शब्द आकृतीच्या लगत असले तर आकलन वाढते, दूर असले तर घटते, आणि केवळ शोभेखातर घातलेली चित्रे आकलनास हातभार लावत नाहीत. या निष्कर्षांशी तीनशे वर्षांपूर्वीचे पृष्ठ बरेचसे जुळते, हे मान्य करावे लागते.

अमूर्त विषयांपाशी मात्र ही पद्धती अडखळते. आत्म्याच्या पाठात बिंदूंनी रेखलेली एक मानवाकृती दाखवून ग्रंथकाराने वेळ मारून नेली आहे.

१६५९ मध्ये चार्ल्स हूल याने इंग्रजी आवृत्ती काढली. १६६६ मध्ये चार भाषांची आवृत्ती निघाली. जर्मन कवी गटे याने आपल्या आत्मचरित्रात बालपणीच्या वाचनात या पुस्तकाचा उल्लेख केला आहे. जर्मन शिक्षणतज्ज्ञ योहान बाझेडो याचे ‘एलेमेंटारवेर्क’ (१७७४) हे याच परंपरेतील, आणि त्यातील चित्रकार खोडोव्हिएत्स्कीची ताम्रपटचित्रे कलादृष्ट्या निःसंशय श्रेष्ठ. परंतु उठावाचा लाकडी ठसा खिळ्यांच्या जोडीने एकाच दाबात उमटतो, तर खोदीव ताम्रपटास निराळे यंत्र लागते, आणि बाझेडोची चित्रे तर स्वतंत्र खंडातच बांधली गेली, त्यामुळे मुलास एका हाती मजकूर व दुसऱ्या हाती चित्रे धरून बसण्याची पाळी आली.