निळी शाई काळी होताना

२६ जुलै २००५ च्या पावसात कुर्ल्याच्या आमच्या तळमजल्यावरच्या घरात कमरेएवढं पाणी शिरलं. तिसऱ्या दिवशी पलंगाखालची ट्रंक उघडली. तीत दोन गोष्टी होत्या. माहेरी गेल्यावर आईनं वडिलांना लिहिलेली पत्रं आणि वडिलांची हिशेबाची वही. पत्रांचे कागद फिकट निळे झाले होते; अक्षर एकही उरलं नव्हतं. वही फुगली, चिखलानं माखली. पण निळसर डागांखाली करड्या-काळ्या ओळी जागच्या जागी होत्या. वडील ब्लू-ब्लॅक शाईशिवाय लिहीत नसत. ती त्यांची खोड आहे, असं आम्ही समजत होतो.

अलीकडे ब्लू-ब्लॅकची एक बाटली हाती आली आणि ती खोड तपासून पाहावीशी वाटली. पेन भरलं, एक ओळ लिहिली. शाई चक्क निळी! तासाभरानं ती गडद झाली, दुसऱ्या दिवशी काळपट. मग कागद नळाखाली धरला. निळेपणा वाहून गेला, ओळ राहिली.

या जादूतले दोन मुख्य जिन्नस आपल्या ओळखीचे आहेत. ओकच्या झाडाच्या कोवळ्या फांदीवर एक बारीक माशी अंडं घालते, त्याभोवती झाड गाठ धरतं. ते मायफळ. बाळघुटीत आजी उगाळायची तेच. त्यातलं टॅनिन आणि हिराकसातलं लोह एकत्र आलं की काळा रंग तयार होतो. मायफळाऐवजी हिरडा घेतला तरी चालतं. आपले रंगारी कापडावरचा काळा रंग हिरडा आणि लोखंडापासूनच काढत आले आहेत. ही ओळख जुनी आहे. पहिल्या शतकात रोममधल्या प्लिनीनं एक युक्ती लिहून ठेवली आहे. महागड्या जंगालात कुणी हिराकस मिसळलाय का, हे पाहायचं तर मायफळाच्या रसात भिजवलेल्या कागदावर तो टाकावा. कागद काळा पडला तर भेसळ!

पुढे युरोपात शतकानुशतकं याच शाईनं लिहिलं गेलं. आपल्याकडची पोथी-दप्तरांची शाई मुख्यतः काजळी आणि डिंकाची. काजळ कागदाच्या पृष्ठभागावर बसतं. लोहाची शाई धाग्यांत शिरते आणि तिथंच काळी होते. म्हणून ती खोडणं कठीण, आणि म्हणून दस्तऐवजांना तीच पसंत.

एक अडचण मात्र होती. शाई दौतीतच काळी झाली की तळाशी गाळ बसे आणि टाक अडे. १८३२ साली लंडनमध्ये हेन्री स्टीफन्स यांनी शाईचा धंदा सुरू केला. हे गृहस्थ शिक्षणानं डॉक्टर, आणि विद्यार्थिदशेत कवी जॉन कीट्सचे खोलीसोबती! त्यांची शाई बाटलीत पातळ राही आणि कागदावर हवा लागल्यावर काळी होई. पण लिहिताना दिसायला तर काही हवं? त्यासाठी निळा रंग. ब्लू-ब्लॅक नावाचा अर्थ असा आहे: आज निळी, उद्या काळी. आपल्याकडेही फाउंटन पेनच्या अशा शाईसाठी भारतीय मानक ठरलं. त्यात लोहाचं प्रमाण ०.१ टक्का.

एवढं कमी का? कारण ही शाई आम्लधर्मी आहे. योहान सेबास्टियन बाख या संगीतकाराची हस्तलिखितं बर्लिनच्या ग्रंथालयात आहेत. त्यांतले कित्येक कागद स्वरलिपीच्या ठिपक्यांपाशी शाईनंच खाऊन टाकले. ती पानं जाडीतून उभी चिरून, मध्ये नवा पातळ कागद घालून वाचवावी लागली. पेनात ही शाई महिनोन्‌महिने वाळत ठेवली तर स्टीलचं निबही गंजतं. वडील दर रविवारी पेन पाण्यानं धूत, ते उगीच नव्हतं.

मग मी ब्लू-ब्लॅकची दुसरी बाटली आणली. हिची ओळ नळाखाली जवळजवळ सगळी गेली. लेबल तेच, पण आत नुसता रंग, लोह नाहीच. आज बाजारात ब्लू-ब्लॅक हे पुष्कळदा छटेचंच नाव असतं. ओळखायचं असेल तर वाळलेल्या ओळीवर कपडे पांढरे करायच्या ब्लीचचा एक थेंब टाका. साधा रंग उडून जाईल. लोह असेल तर गंजासारखी तपकिरी खूण मागं राहील.

वडिलांच्या वहीवर मी असा थेंब टाकला नाही. ती वाळवून पानं सुटी केली आणि वाचत बसलो. दूध, भाडं, रॉकेल. १९७१ च्या मार्चमध्ये एक नोंद आहे, स्पष्ट काळ्या अक्षरांत: ‘शाई, निळी, १ बाटली. सौ.करिता. तिला हाच रंग आवडतो.’