लिंबूवर्गीय परफ्यूम उन्हाळ्यात लवकर का उडतो? टिकवायचा कसा?

सकाळी मारलेला संत्र्या-लिंबाचा परफ्यूम दुपारपर्यंत गायब होतो आणि माल डुप्लिकेट असल्याची शंका येते. दरवेळी तसं नसतं. संत्र्याच्या सालीच्या तेलात ९० टक्क्यांच्या आसपास लिमोनीन असतं. त्याचा रेणू हलका असल्याने तो झटपट उडतो, तापलेल्या त्वचेवरून तर आणखी लवकर. १८व्या शतकात जर्मनीतल्या कोलोन शहरात प्रसिद्ध झालेलं ‘ओ द कोलोन’ याच जातकुळीतलं, म्हणूनच ते पुन्हा पुन्हा लावावं लागतं.

मग ‘लाँग लास्टिंग’ बाटलीत वेगळं काय? त्यात वाळा, चंदन, कृत्रिम कस्तुरी असे सावकाश उडणारे घटक असतात. म्हणजे संध्याकाळी येणारा वास बहुतेक वाळ्याचा असतो, पैसे मात्र संत्र्याचे मोजलेले! त्यामुळे दुकानात मनगटावर मारून दोन-तीन तासांनी वास घ्या, मगच खरेदी करा. कोरड्या त्वचेवर आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा.

एक धोका मात्र फारसा सांगितला जात नाही. बर्गमोट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीच्या तेलात बर्गाप्टेन असतं. ते त्वचेवर असताना कडक ऊन लागलं, तर त्वचा भाजल्यासारखी लाल होते, फोड येतात आणि मागे राहिलेले काळपट डाग कित्येक महिने जात नाहीत. मोठे ब्रँड सहसा बर्गाप्टेन काढलेलं तेल वापरतात. रील पाहून घरी बनवलेल्या परफ्यूमची ती खात्री नसते. तो मानेवर लावून उन्हात जाऊ नका. कपड्यावर मारा, फक्त रेशीम आणि पांढरा शर्ट सोडून, कारण डाग पडतो.