घोरण्याचा इतिहास

बुलढाणा जिल्ह्यातील शेगावहून पंढरपूरला निघालेल्या दिंडीत, रात्रीच्या मुक्कामी कोणी घोरू लागले की आपण हसून कूस बदलतो. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, श्वासाची वाट अरुंद होते आणि मऊ टाळू व पडजीभ थरथरतात. तोच हा आवाज. कुंभकर्णापासून तो थट्टेचाच विषय राहिला.

१९६५ मध्ये फ्रान्स व जर्मनीतील संशोधकांनी झोपेतील श्वासाच्या नोंदी घेतल्या, तेव्हा काहींचा श्वास वारंवार अडतो हे कळले. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे दाबाने हवा देऊन ही वाट उघडी ठेवली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या पाहणीत मध्यमवयीन पुरुषांपैकी ७.५ टक्क्यांना हा विकार आढळला.

शेजाऱ्याची झोप मोडते खरी. पण घोरणे मध्येच थांबते, हेही त्यालाच आधी समजते. म्हणून वर्गात पेंगणाऱ्या मुलावर रागावण्यापूर्वी, तो रात्री घोरतो का, हे आपण घरी विचारू या. वाढलेले टॉन्सिलही कारण असू शकतात.