काळोखातील कबुली

आमच्या घरी सायंकाळची रोजरी आटोपल्याशिवाय सिनेमाचे नाव काढण्याची सोय नव्हती. नंतरही ते काढले तर आजीचा एकच प्रश्न ठरलेला असे : "ज्या खेळासाठी आधी दिवे मालवावे लागतात, तो खेळ चांगला कसा असेल?" प्रश्न भाबडा होता, पण त्याचे उत्तर सोपे नव्हते. पुढे मला ज्या चित्रपटांनी वेड लावले, ते तर असे की, दिवे मालवल्यानंतर पडद्यावरही काळोखच असे. ओले रस्ते, जिन्यावर पडलेली लांब सावली, खिडकीच्या पट्ट्यांतून भिंतीवर उमटलेल्या तुरुंगाच्या गजांसारख्या रेषा, आणि त्या रेषांमध्ये उभा असलेला, आपण काय करून बसलो हे कळलेला माणूस. हे चित्रपट मी आजही आवडीने पाहतो. त्यांचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा त्यात आपल्या ख्रिस्तसभेचे पाऊल जागोजागी उमटलेले दिसले. म्हणून हा लेखप्रपंच.

या चित्रपटांना 'फिल्म न्वार', म्हणजे 'काळा चित्रपट', हे नाव ज्यांनी ते निर्माण केले त्या अमेरिकनांनी दिलेले नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मन अंमलाखालील फ्रान्समध्ये अमेरिकन चित्रपट येणे बंद झाले होते. युद्ध संपल्यावर, १९४६ च्या उन्हाळ्यात, 'द माल्टीज फाल्कन', 'लॉरा', 'डबल इन्डेम्निटी' असे अनेक चित्रपट पॅरिसमध्ये पाठोपाठ झळकले. पूर्वीच्या हसऱ्या, झगमगीत हॉलिवुडला झाले तरी काय, असा प्रश्न तेथील रसिकांना पडला. नीनो फ्रँक या समीक्षकाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये या चित्रपटांसाठी 'न्वार' हा शब्द वापरला, आणि तो रूढ झाला.

हा काळोख आला कोठून? त्याचा एक झरा जर्मनीत होता. पहिल्या महायुद्धात पराभूत झालेल्या त्या देशात 'डॉक्टर कॅलिगारी' (१९२०) सारख्या चित्रपटांनी तिरप्या भिंती आणि रंगवलेल्या सावल्या यांतून मनातील भय दाखवण्याची कला घडवली होती. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि त्या परंपरेत वाढलेले फ्रिट्झ लांग, बिली वाइल्डर, रॉबर्ट सिओडमाक यांच्यासारखे कलावंत परागंदा झाले. त्यांनी आपल्या सावल्या सोबत नेल्या. वाइल्डर ज्यू होता. त्याची आई नाझींच्या वंशसंहारात बळी पडली. सज्जन दिसणारा माणूस किती सहज दुष्टपणाकडे वळतो, हे या मंडळींना कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

दुसरा धागा आपल्या अधिक जवळचा आहे. अमेरिकन चित्रपटांसाठी १९३० साली जी नीतिसंहिता स्वीकारण्यात आली, तिचे मुख्य लेखक होते येशूसंघीय धर्मगुरू डॅनियल लॉर्ड आणि मार्टिन क्विग्ली हे कॅथलिक प्रापंचिक प्रकाशक. प्रेक्षकांची सहानुभूती गुन्ह्याकडे किंवा पापाकडे कधीही वळू नये, हे तिचे मूलतत्त्व. आरंभी निर्मात्यांनी ती फारशी मनावर घेतली नाही. मग १९३४ मध्ये 'लीजन ऑफ डीसेन्सी' ही कॅथलिक चळवळ उभी राहिली. अनीतिकारक चित्रपटांवर बहिष्कार घालण्याची शपथ लाखो भाविकांनी देवळादेवळांतून घेतली. त्याच वर्षी जोझफ ब्रीन या कॅथलिक गृहस्थांच्या हाती संहितेची अंमलबजावणी आली, आणि त्यांच्या कार्यालयाच्या संमतीवाचून मोठ्या स्टुडिओचा चित्रपट प्रदर्शित होणे अशक्य झाले. १९३६ साली पोप अकरावे पायस यांनी 'विजिलान्ती कूरा' या परिपत्रकात या चळवळीची प्रशंसा केली.

अशा कडक पहाऱ्यात खून, लोभ आणि व्यभिचार यांच्या कथा जन्मल्याच कशा? 'डबल इन्डेम्निटी'चे उदाहरण घेऊ. जेम्स केनची ही कथा १९३५ मध्ये स्टुडिओंकडे फिरू लागली, तेव्हा ब्रीन यांनी ती पडद्यासाठी अपात्र ठरवली. १९४३ मध्ये वाइल्डरने रेमंड चँडलरसह तिची पटकथा सिद्ध केली. या वेळी मात्र थोड्याफार फेरबदलांसह तिला संमती मिळाली. पुढच्या वर्षी चित्रपट आला. वॉल्टर नेफ हा विमा एजंट एका विवाहितेच्या मोहात पडून, दुप्पट विम्याच्या रकमेसाठी तिच्या नवऱ्याचा खून करतो. परंतु चित्रपट सुरू होतो तो खुनाने नव्हे. गोळी लागून जखमी झालेला नेफ मध्यरात्री आपल्या निर्मनुष्य कार्यालयात येतो, ध्वनिमुद्रण यंत्रासमोर बसतो आणि आपला वरिष्ठ व मित्र कीज याला उद्देशून सारे सांगू लागतो. 'कबुली' हा शब्द आपल्याला आवडत नाही, असे तो सुरुवातीलाच बजावतो. आणि मग दोन तास कबुलीच देत राहतो!

खून करणारा सापडणार हे पहिल्याच प्रसंगात कळते, म्हणून 'पुढे काय' ही उत्सुकता उरत नाही. उरतो तो 'हे कसे घडले' हा प्रश्न. प्रायश्चित्त संस्काराआधी आपण जे आत्मपरीक्षण करतो, त्याची रीत याहून वेगळी कोणती? शेवटी नेफ मान वर करतो, तर दाराशी कीज उभा. त्याने सारे ऐकलेले असते. चित्रपटभर कीजच्या सिगारसाठी नेफच काडी ओढत आलेला असतो. आता कोसळलेल्या नेफच्या सिगारेटला कीज काडी लावून देतो. गुन्ह्याला सूट मिळत नाही, पण गुन्हेगार एकटाही पडत नाही. वाइल्डरने नेफच्या देहदंडाचा प्रसंग चित्रित केला होता, तो त्याने नंतर वगळला. त्या एका काडीच्या उजेडानंतर आणखी काही दाखवण्याची गरज राहिली नव्हती.

याचा अर्थ संहिता निर्दोष होती असा नव्हे. इतिहास सांगताना आपल्या माणसांच्या चुका झाकू नयेत. गोरे आणि काळे यांचे प्रेमसंबंध पडद्यावर दाखवण्यास याच संहितेने बंदी केली होती. नीतीच्या नावाखाली वंशभेदालाच तिने आश्रय दिला. आणि ब्रीन यांच्या १९३२ मधील खाजगी पत्रांत ज्यू चित्रपटव्यावसायिकांविषयी द्वेषाने भरलेला मजकूर आहे. पडद्यावरील पाप मोजणाऱ्याला स्वतःच्या मनातील पाप दिसले नाही. नेफची कबुली लिहिणारा वाइल्डर ज्यू होता, हे लक्षात घेतले म्हणजे मान खाली जाते. १९६८ मध्ये ती संहिता रद्द होऊन वयोगटानुसार वर्गीकरणाची पद्धत आली.

कॅथलिक प्रेक्षकाला सर्वांत जवळचा वाटावा असा या परंपरेतील चित्रपट म्हणजे आल्फ्रेड हिचकॉकचा 'आय कन्फेस' (१९५३). हिचकॉक स्वतः लंडनमधील येशूसंघीयांच्या शाळेत शिकलेला. कॅनडातील क्युबेक शहरात देवळाचा सेवेकरी केलर झगा घालून चोरीला जातो, त्याच्या हातून खून होतो, आणि त्याच रात्री तो फादर लोगन यांच्याकडे पापकबुली देतो. झग्यातला माणूस पाहणारे साक्षीदार निघतात, आणि संशय फादरांवर येतो. खुनी कोण हे त्यांना ठाऊक आहे, पण प्रायश्चित्त संस्काराची मोहर त्यांच्या ओठांवर आहे. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने कबुलीचे गुपित फोडणाऱ्या धर्मगुरूसाठी कठोर शिक्षा सांगितली होती, आणि १९८३ ची धर्मसंहिताही ते गुपित अभंग मानते. चित्रपटाला हवे तसे यश मिळाले नाही. धर्मगुरू असा गप्प का राहील, हे इतर प्रेक्षकांना पटतच नाही, असे पुढे हिचकॉकचे मत झाले. आपल्याला मात्र ते समजावून सांगावे लागत नाही. माँटगोमरी क्लिफ्टचा तो मूक, व्याकूळ चेहरा पाहताना आपण ज्या जाळीआड गुडघे टेकतो, तिची किंमत काय आहे ते उमगते.

याच सुमारास ही छाया दिवाणखान्यात शिरली. १९५१ च्या अखेरीस 'ड्रॅगनेट' ही मालिका अमेरिकन दूरदर्शनवर सुरू झाली. लॉस एंजेलिस पोलिसांच्या दप्तरातील प्रकरणे नावे बदलून त्यात दाखवीत, आणि अखेरीस गुन्हेगाराला काय शिक्षा झाली तेही सांगत. १९५७ ते १९६६ या काळातील 'पेरी मेसन'मध्ये खरा गुन्हेगार बहुधा भर न्यायालयात कबुली देऊन मोकळा होई. १९५५ मध्ये सुरू झालेल्या 'आल्फ्रेड हिचकॉक प्रेझेंट्स'ची गंमत निराळी. कथेत गुन्हेगार निसटला असेल, तर शेवटी हिचकॉक स्वतः येऊन, कोरड्या चेहऱ्याने, तो पुढे कसा पकडला गेला ते सांगत असे. नीतीचे देणे असे दोन वाक्यांत फेडले जाई, आणि प्रेक्षक गालातल्या गालात हसे. मला या तिन्हींत हीच अधिक आवडते. त्याच पेटीतून १९५२ पासून न्यूयॉर्कचे साहाय्यक बिशप फुल्टन शीन फळा आणि खडू घेऊन धर्मचिंतन मांडीत होते. खुनी आणि बिशप एकाच काळ्यापांढऱ्या पडद्यावर नांदत होते!

हा प्रवाह मुंबईपर्यंतही आला. जर्मन छायालेखक योझेफ विर्शिंग मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये काम करीत असे. 'महल' (१९४९) मधील त्याच्या सावल्या आजही अंगावर येतात. गुरुदत्तने 'बाजी' (१९५१) नंतर 'जाल' (१९५२) मध्ये समुद्रकाठच्या ख्रिस्ती कोळ्यांच्या वस्तीतील मारिया आणि तस्कर टोनी यांची कथा सांगितली. तिचा शेवट टोनीच्या पश्चात्तापाकडे वळतो, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. त्या काळच्या हिंदी चित्रपटांतील क्लबांच्या दृश्यांत जे संगीत वाजे, त्यामागे सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड यांच्यासारख्या गोमंतकीय ख्रिस्ती वादक-संयोजकांचे हात होते.

आता आजीच्या प्रश्नाकडे वळू. १९५५ साली पोप बारावे पायस यांनी आदर्श चित्रपटाविषयी दोन भाषणे केली. चित्रपटाने पापाचा विषय हाताळावा काय, हा प्रश्न त्यांनी टाळला नाही. पापासाठी पाप दाखवणे त्यांनी नाकारले. मात्र वाईटाशी झुंजताना माणूस कसा दिसतो, हे जीवन अधिक खोलवर समजण्यासाठी दाखवता येते, हे त्यांनी मान्य केले. 'डबल इन्डेम्निटी' त्यांना आवडला असता काय, हा प्रश्न निराळा. परंतु तो पाहून उठताना मला खून करावासा कधी वाटला नाही. नेफने पहिले खोटे वाक्य कोठे उच्चारले, हे मात्र मी दर वेळी शोधतो, आणि मग माझे स्वतःचे आठवते.

आजी आज हयात असती तर मी तिला एवढेच म्हटले असते : आजी, पास्काच्या रात्री आपणही देवळातले सारे दिवे मालवतो. त्या काळोखात थोडा वेळ उभे राहिल्यावाचून पहिली मेणबत्ती नीट दिसत नाही.