हरिहरच्या पायऱ्या आणि कागदावरची हार

गेल्या शनिवारी हरिहरच्या पायऱ्यांवर मी मधोमध अडकलो. अडकलो म्हणजे पाय हलेनात. शंभराच्या वर पायऱ्या, जवळपास ८० अंशांत उभा कातळ, दोन्ही हात खोबणीत आणि नाकासमोर वरच्या माणसाचे बूट. खाली निरगुडपाड्याची घरं काडेपेटीएवढी. गावातले मामा बरोबर होते. ते खालून म्हणाले, "दादा, खाली बघू नका. पुढची खोबण धरा." धरली. अजून काय करणार?

अशा वेळी माझ्या डोक्यात इतिहास सुरू होतो. (भीतीवरचा घरगुती उपाय, दुसरं काही नाही.) १८१८ साली कॅप्टन ब्रिग्ज नावाचा इंग्रज अधिकारी इथे आला होता. ही चढण किती भयंकर उभी आहे हे शब्दांत सांगता येणार नाही, असं त्यानं लिहून ठेवलंय. सरळ दोनशे फूट असेल असा त्याचा अंदाज, आणि उपमा शिडीची. म्हणजे साहेबाचीही टरकली होती. बरं वाटलं.

आता गंमत बघा. एवढी बेलाग वाट, पायऱ्या संपल्यावर छोटासा दरवाजा, पुढे कातळाखालून वाकून जायची पट्टी, मग परत पायऱ्या. वर दहा माणसं दगड घेऊन बसली तर खालच्या फौजेनं करायचं काय? पण ब्रिग्ज लढून वर आलाच नव्हता. एप्रिल १८१८ मध्ये कर्नल मॅकडॉवेलच्या तोफांपुढे त्र्यंबकगड पडला आणि त्यापाठोपाठ या भागातले सतरा किल्ले इंग्रजांच्या हवाली झाले. हरिहर त्यातलाच एक.

आणि हे पहिल्यांदा झालं नव्हतं. १६३६ मध्ये शहाजीराजे माहुलीच्या वेढ्यात अडकले, मोगलांशी तह झाला आणि त्र्यंबक, त्रिंगलवाडी यांच्याबरोबर हरिहरही खानजमानला द्यावा लागला. लढाई माहुलीला, किल्ला गेला इथला! पुढे १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी तो घेतला, १६८९ मध्ये परत मोगलांकडे. पण १६३६ आणि १८१८, दोन्ही वेळा या पायऱ्यांना कुणी काही विचारलंच नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर फायरवॉल एक नंबर, पासवर्ड मात्र दुसऱ्याच ऑफिसात बसून कुणीतरी देऊन टाकला.

किल्ला एकटा लढत नाही, हे पुस्तकात दहादा वाचलं होतं. हरिहर गोंदा घाटाच्या वाटेवर नजर ठेवायला होता. शेजारचा मोठा गडच गेला, मागून कुमक येणार नाही असं कळलं, की वरचे मूठभर लोक कुणासाठी भांडणार? त्यांना भित्रे म्हणायची माझी तरी हिंमत नाही. निदान त्या पायरीवर उभं असताना तरी.

अलंग-मदनच्या पायऱ्या इंग्रजांनी सुरुंग लावून उडवल्या, इथल्या वाचल्या. साहेबाला त्या इतक्या आवडल्या की त्यानं हात लावला नाही, अशी एक गोष्ट ट्रेकर मंडळी सांगतात. मला ती फारशी पटत नाही. सौंदर्य बघून दारू परत नेणारं सैन्य मी तरी ऐकलेलं नाही. असो.

उतरताना कातळाकडे तोंड करून, शिडी उतरतात तसा एकेक पाय खाली सोडत होतो. तेवढ्यात खालून बारा-तेरा वर्षांचा एक पोरगा वर आला. पाठीला दोरीनं बांधलेला पाण्याचा कॅन, खांद्याला लिंबांची पिशवी, पायात साधी स्लीपर. वर सरबत विकायला निघाला होता. रविवारी तीन-चार खेपा होतात म्हणाला.

मी कातळाला चिकटून त्याला वाट दिली. धान्य, दारूगोळा, तेल, सगळं असंच कुणाच्या तरी पाठीवरून वर गेलं असणार. तो माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "काका, तुमचा पाय लई थरथरतोय."