भिंतीवरचा नायक ओळखायचा कशाने?

जिल्हा परिषदेच्या शाळेची भिंत असो, बसस्थानकाची असो की उड्डाणपुलाचा खांब. त्यावर नेतृत्वाचा आदर्श रंगवायचा म्हणजे नेत्याचे भव्य व्यक्तिचित्र काढायचे, हे मत परभणी जिल्ह्यातच नव्हे तर महाराष्ट्रभर रुळले आहे. त्यामागची कारणे तकलादू नाहीत. रस्त्याने जाणाऱ्याला क्षणभराचीच सवड असते; तेवढ्यात चेहरा ओळखू येतो, कथा नाही. शिवाय आदर व्यक्त करण्याचा सर्वांत थेट मार्ग व्यक्तिचित्र हाच. आणि सर्वांत वजनदार कारण असे, की ज्यांना शतकानुशतके भिंतीवर जागाच नव्हती, त्यांना आपल्या नेत्याचा चेहरा भरचौकात दिसणे हीच एक घोषणा वाटते. हे सारे मान्य करूनही मी म्हणतो की हे मत चुकीचे आहे. पुरावा पुढे ठेवतो. निवाडा वाचकांनी करावा.

पहिला साक्षीदार मराठवाड्यातलाच, अजिंठा. ती धर्मलेणी, त्यांचा सार्वजनिक भिंतींशी काय संबंध, असा आक्षेप येईल. पण खर्च कोणी केला ते पाहा. 16 व्या लेण्यातल्या शिलालेखानुसार ते वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने कोरवून घेतले. हरिषेणाच्या वाकाटक शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशिम. 1 मे 1999 पर्यंत परभणी जिल्ह्यात असलेल्या हिंगोलीच्या शेजारचे. सत्ता हाती, पैसा हाती, त्या काळातले उत्तमोत्तम चितारी हाताशी. तरीही हरिषेणाचे निर्विवाद व्यक्तिचित्र म्हणून आज अजिंठ्यातली एकही आकृती दाखवता येत नाही. मग रंगवले काय?

17 व्या लेण्यातले महाकपी जातक पाहा. वानरांचा कळप आंब्याच्या झाडावर अडकला आहे, खाली काशीच्या राजाचे धनुर्धारी आहेत. वानरराज नदीवर स्वतःचे शरीर ताणून पूल करतो आणि कळप त्याच्या पाठीवरून पार होतो. तो मरणपंथाला लागतो. मग माणसांचा राजा त्या वानराला विचारतो, हे तू का केलेस? उत्तर मिळते ते राजधर्माचे: ज्यांच्यावर राज्य केले, त्यांचे सुख पाहणे हे राजाचे काम. एकाच भिंतीवर दोन राजे. लवाजमा आहे तो एकाकडे, आणि राजा कसा असावा हे शिकवतो दुसरा. ही कथा भारहूत आणि सांची येथे त्याआधी कित्येक शतके दगडात कोरली गेली होती, म्हणजे लोकांना ती ठाऊक होती. 1 ल्या लेण्यातला शिबी राजा तसाच. पारव्याच्या बदल्यात स्वतःचे मांस तराजूत घालणारा. शिबीला आपण त्याच्या नाकाडोळ्यांवरून ओळखतो काय? तराजूवरून ओळखतो. आणि वानरांच्या कळपात नायक चेहऱ्यावरून कसा ओळखणार? कृतीवरूनच. ओळखीचा मुद्दा इथेच निकाली निघतो.

कोणी म्हणेल, ही मजल राजाश्रयाच्या अभिजात कलेची. खेड्यातल्या माणसाला चेहराच हवा. मग गंगाखेडला चला. संत जनाबाईचे हे गाव परभणी जिल्ह्यातले. जनाबाईचा चेहरा कसा होता हे कोणालाही ठाऊक नाही. तरी जात्यापाशी बसलेली बाई आणि तिच्यासोबत खुंटा धरून दळणारा विठ्ठल एवढे रेखाटले, की अक्षरओळख नसलेली म्हातारीसुद्धा हात जोडते. तिला कोणी नाव वाचून दाखवावे लागत नाही. आणि त्या चित्रातला नेतृत्वाचा विचार किती धारदार आहे! विश्वाचा धनी दासीच्या दळणाला हात लावतो. सिंहासनावर बसलेल्या एखाद्या व्यक्तिचित्राने हे सांगून दाखवावे.

राजकारणाला असे चालत नाही, हेही खरे नाही. 1938 साली हरिपुरा काँग्रेससाठी गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलाल बोस यांनी चित्रे केली. अधिवेशन देशाच्या नेत्यांचे, अध्यक्ष सुभाषचंद्र बोस. चित्रांत मात्र शिंपी, पिंजारी, ढोलकरी, कांडण करणाऱ्या बाया. हेच नंदलाल तरुणपणी अजिंठ्याच्या नकला करायला आले होते. समुद्रापार मनिलाच्या नगरभवनासाठी 1964 च्या सुमारास कार्लोस ‘बोटोंग’ फ्रान्सिस्को यांनी फिलिपिन्सचा इतिहास रंगवला. बोनिफासिओसारखे नेते त्यात आहेत. पण भोवतालच्या गर्दीपासून तोडून काढलेले नाहीत. नेत्याची उंची त्याच्यासोबत चाललेल्या माणसांवरून कळते, ही समज दोन्हीकडे सारखीच आहे.

राहिला तिसरा मुद्दा, ज्यांना भिंतीवर जागाच नव्हती त्यांच्या घोषणेचा, आणि त्यापुढे मी निम्मा झुकतो. बाबासाहेबांचा चेहरा भिंतीवर असलाच पाहिजे. पण तो एकटाच का? 20 मार्च 1927 रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणारे बाबासाहेब आणि त्यांच्यामागे पाण्याकडे निघालेली हजारो माणसे, असे चित्र चौकात आले तर ती घोषणा फिकी पडेल की दुप्पट होईल? चेहऱ्याने कोण ते कळते. का ते कळायला प्रसंगच लागतो. आदराचा मुद्दाही यातच आला; ज्याचे काम आपण विसरलो त्याचा केवळ चेहरा रंगवणे, याला आदर म्हणायचे कसे?

17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन येतो. त्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे चित्र रंगवाच. पण त्यांच्याभोवती सरहद्दीवरची शिबिरे, तुरुंगात गेलेली माणसे, रात्री-अपरात्री भाकरी पोचवणाऱ्या बाया यांनाही जागा द्या. परभणीच्या शाळांना, ग्रामपंचायतींना आणि नगरसंस्थांना माझी विनंती एवढीच आहे: पुढच्या भिंतीचे काम देताना चित्रकाराला एक अट घाला, नेता काय करतो आहे ते दाखव.