पटावरचा वाघ

आजच्या गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा सिरोंचा पूर्वी अप्पर गोदावरी जिल्ह्याचे ठाणे होता. 1874 मध्ये तो चांदा जिल्ह्याला जोडला गेला आणि 1982 मध्ये गडचिरोलीत आला. सरकारी हद्दी बदलल्या, गोदावरीपलीकडचा तेलुगू शेजार मात्र कायम राहिला. त्या शेजाराचा ‘पुली-मेका’, म्हणजे वाघ-शेळीचा खेळ, वाघाच्या या मुलखाला परका मानायचे कारण नाही. त्याचा लेखी इतिहास तुटपुंजा आहे, कारण जमिनीवर कोळशाने आखलेला पट पावसात पुसला जातो. दगडात कोरलेलेच टिकतात, जसे हंपीच्या देवळांतले.

तीन वाघ, पंधरा शेळ्या, 23 घरे. शेळी वाघाला मारूच शकत नाही. वाघ मात्र सरळ रेषेत शेळीवरून मोकळ्या घरात उडी मारून तिला खातो. शेळ्यांचा विजय म्हणजे वाघांची कोंडी. बुद्धिबळात दोन्ही फौजा सारख्या, मोक्षपटात कवडी ठरवेल ते. इथे बळ असमान आणि नशिबाला जागाच नाही. गुराख्यांच्या या विरंगुळ्यात शिकवण शोधणे हा शहरी हौसेचा प्रकार, असे कोणी म्हणेल. विरंगुळा तर आहेच! पण शेळीमागचे घर भरले की वाघाची उडी अडते, हे ज्याला उमगत नाही तो डाव हरतो. एकटी शेळी पुढे दामटणारा खेळाडू फार वेळ टिकत नाही, आणि हे त्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही.